सीडीएन लावलं, तरी पान उशिरा का उघडतं?

प्रश्न थोडक्यात असा. एका मराठी साप्ताहिकाची वेबसाइट वर्डप्रेसवर आहे, सर्व्हर मुंबईत. बहुतेक वाचक महाराष्ट्रातले, पण अमेरिकेतून आणि आखातातूनही बरेच जण वाचतात. मतमोजणीच्या किंवा निकालाच्या दिवशी साइट आडवी होते म्हणून नेमसर्व्हर बदलून सीडीएन लावलं, म्हणजे साइटच्या प्रती वाचकाजवळच्या शहरांत ठेवणारं सर्व्हरचं जाळं. चित्रं पटापट येऊ लागली, पण पान उघडायला दोन सेकंद लागायचे ते अजूनही लागतात. शिवाय मथळा दुरुस्त केला की काही वाचकांना तासभर जुनाच दिसतो. दुसऱ्या कंपनीचं सीडीएन घ्यावं का?

घेऊ नका. लावलंय ते नीट चालतंय, फक्त काय साठवायचं हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. सीडीएन सुरू करणं अर्ध्या तासाचं काम आहे. कुठली गोष्ट किती वेळ साठवायची, साठवलेली प्रत कोणाला द्यायची नाही आणि ती पुसायची कधी, हे ठरवायला खरा वेळ लागतो. ते कुठलीच कंपनी तुमच्यासाठी ठरवत नाही, कारण तुमच्या साइटवर काय चालतं ते तिला ठाऊक नसतं.

आधी डोळ्यांनी बघा. ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबून नेटवर्क टॅब उघडा, पान रिफ्रेश करा, सगळ्यात वरची विनंती (म्हणजे खुद्द पानाची) निवडा आणि रिस्पॉन्स हेडर (उत्तरासोबत येणाऱ्या सूचना) वाचा. सीडीएन क्लाउडफ्लेअर कंपनीचं असेल तर कॅशे-स्टेटस (कॅशे म्हणजे साठवलेल्या प्रतींचा साठा) नावाचं हेडर सापडेल. चित्रापुढे त्यात ‘हिट’ (साठवलेली प्रत दिली) असेल आणि पानापुढे बहुधा ‘डायनॅमिक’. डायनॅमिक म्हणजे हे साठवायचं आहे असं आम्ही धरलेलंच नाही, दर वेळी तुमच्या सर्व्हरला विचारतो. क्लाउडफ्लेअर मूळ सेटिंगमध्ये फाइलच्या एक्स्टेन्शनवरून ठरवतं: जेपीजी, सीएसएस, जेएस ठेवतं, एचटीएमएल ठेवत नाही. अनोळखी साइटसाठी हा धोरणीपणा योग्यच आहे. पण त्यामुळे तुमचं पान आजही पूर्वीसारखंच पीएचपी आणि डेटाबेसमधून दर वेळी नव्याने तयार होतंय.

आता ‘डायनॅमिक’ या एका शब्दावरून तुमच्या दुसऱ्या तक्रारीचंही उत्तर मिळतं. पान सीडीएनवर साठवलेलंच नसेल, तर जुना मथळा तिथून येऊच शकत नाही. तो वाचकाच्या स्वतःच्या फोनमधून येतोय. कुठल्यातरी प्लगइनने पानाला मॅक्स-एज ३६०० असं हेडर लावलेलं असणार. म्हणजे ब्राउझरला सांगितलंय की तासभर मला विचारू नकोस. वाचकाच्या फोनमधली प्रत कुठल्याही पर्जने (सीडीएनवरची प्रत पुसण्याच्या आदेशाने) जात नाही, तुमच्या हातात तिथे काहीच नसतं. म्हणून बातमीच्या पानाला ब्राउझरसाठीचं मॅक्स-एज शून्य ठेवायचं, आणि जे काही साठवायचं ते सीडीएनवर, जिथून आपल्याला पुसता येतं.

अंतराचा हिशेब एकदा करून ठेवा, कारण पुण्यातल्या आणि न्यू जर्सीतल्या वाचकाचं दुखणं वेगवेगळं आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते अमेरिकेचा पूर्व किनारा हे अंतर साडेबारा-तेरा हजार किलोमीटर. जाऊन-येऊन किमान १३० मिलिसेकंद. केबल सरळ रेषेत जात नाहीत, तांबडा समुद्र आणि भूमध्य समुद्र अशी वाट काढतात, म्हणून २०० धरा. नव्या सुरक्षित जोडणीला टीसीपीची (जोडणी उघडण्याची) एक फेरी, टीएलएस १.३ ची (ती सुरक्षित करण्याची) एक, आणि पान मागण्याची एक. तीन फेऱ्यांचे ६०० मिलिसेकंद, आणि वर सर्व्हरने पान तयार करायला घेतलेला वेळ. मध्ये सीडीएन आलं की पहिल्या दोन फेऱ्या न्यू जर्सीजवळच्या एज सर्व्हरशी (सीडीएनच्या वाचकाजवळच्या सर्व्हरशी) होतात, तिथून मुंबईपर्यंतची जोडणी बहुतेक वेळा आधीच उघडी असते. पान साठवलेलं नसतानाही त्या वाचकाचा तीन-चारशे मिलिसेकंदांचा फायदा झाला. पुण्यातल्या वाचकाचा मात्र काहीच नाही. तुमचा सर्व्हर मुंबईत, एज सर्व्हरही मुंबईत, वाचवायला अंतरच उरलेलं नाही. त्याचे दोन सेकंद वर्डप्रेस खातंय.

तो एज सर्व्हर खरोखर मुंबईतलाच आहे ना, हेही हेडरमध्येच दिसतं. क्लाउडफ्लेअरच्या ‘रे’ हेडरच्या शेवटी आणि ॲमेझॉनच्या क्लाउडफ्रंट या सीडीएनच्या ‘पॉप’ हेडरच्या सुरुवातीला जवळच्या विमानतळाची तीन अक्षरं असतात. मुंबईसाठी बीओएम, सिंगापूरसाठी एसआयएन, फ्रँकफर्टसाठी एफआरए. नागपुरात बसून एसआयएन दिसलं तर तुमच्या इंटरनेट कंपनीची आणि सीडीएनची देवाणघेवाण भारतात होत नाहीये, किंवा तुमच्या प्लॅनमध्ये ती जागा नाही. ही तपासणी एकाच वायफायवरून करून थांबू नका. मोबाइल डेटा, घरचं फायबर, तालुक्याच्या गावातला केबलवाला, सगळीकडून करून घ्या. वाचक तिथेच आहेत.

क्लाउडफ्रंट घेणाऱ्यांसाठी इथेच एक खड्डा आहे. खर्च वाचवायला प्राइस क्लास १०० निवडला, तर त्यात उत्तर अमेरिका आणि युरोप मोडतात, भारत मोडत नाही. मुंबईच्या सर्व्हरवरचं पान बहुतेक वेळा युरोप फिरून साताऱ्याला पोचतं. मराठी साइटला किमान २०० हवाच. क्लाउडफ्रंटसाठीचं सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्रही एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या) उत्तर व्हर्जिनिया विभागातच काढावं लागतं, मुंबई विभागात काढलेलं यादीत दिसत नाही. लोक यात तासन्‌तास घालवतात.

आता मुख्य काम, म्हणजे एचटीएमएल साठवणं. क्लाउडफ्लेअरमध्ये पानं साठवण्यायोग्य आहेत असा कॅशे रूल लिहावा लागतो, आणि मुदत तुमच्या सर्व्हरच्या हेडरने ठरवू द्यायची. सीडीएनसाठी वेगळी मुदत सांगायचे दोन मार्ग आहेत. जुना मार्ग एस-मॅक्सएजचा. तो जवळजवळ सगळीकडे चालतो. पण एचटीटीपीच्या नियमांप्रमाणे एस-मॅक्सएज लिहिलं की मुदत संपलेली प्रत न विचारता देण्यावर बंदी येते. म्हणजे सर्व्हर पडला तर जुनी प्रत द्या, हा ‘स्टेल-इफ-एरर’चा आदेश त्याच्यासोबत लिहिला तर क्लाउडफ्लेअर तो मानत नाही. दुसरा मार्ग सीडीएन-कॅशे-कंट्रोल या स्वतंत्र हेडरचा. तो २०२२ मध्ये मानक झाला, क्लाउडफ्लेअर तो पाळतं, आणि तो ब्राउझरच्या हेडरपासून वेगळा राहतो. जिथे चालतो तिथे मी हाच वापरतो.

मुदती किती ठेवायच्या? मुखपृष्ठाला ६० सेकंद, बातमीला ५ मिनिटं, जुन्या अंकातल्या लेखांना काही तास, आणि सगळ्यांना एक दिवसाचं स्टेल-इफ-एरर. लेख बदलला की पर्ज होणारच आहे, त्यामुळे मुदत ही पर्ज हुकला तर किती वेळ चूक चालेल, या हिशेबाने ठरवा. अर्धा दिवस ओलांडू नका. वर्डप्रेस फॉर्ममध्ये जो नॉन्स (फॉर्म खरा आहे हे ओळखायचा तात्पुरता संकेत) घालतं तो १२ ते २४ तास टिकतो. त्याहून जुन्या प्रतीवरून वाचकाने असा एखादा, उदाहरणार्थ वर्गणीचा, फॉर्म भरला तर तो नाकारला जातो, आणि वाचकाला कारण कळत नाही. पीएचपीने वाचनसंख्या मोजणारं प्लगइन असेल तर त्याचे आकडेही कोसळतील, कारण पीएचपीपर्यंत विनंती पोचतच नाही. संपादकांना हे आधीच सांगून ठेवा.

सीएसएस, जेएस आणि फॉन्ट यांचं सोपं आहे. नावात आवृत्ती किंवा हॅश असेल तर मॅक्स-एज ३१५३६०००, म्हणजे एक वर्ष, आणि सोबत इम्युटेबल (ही फाइल बदलणार नाही, असं सांगणारा शब्द). देवनागरी फॉन्ट वूफ-२ या वेबसाठीच्या प्रकारातच द्या. फॉन्ट वेगळ्या सबडोमेनवरून देत असाल तर सीओआरएसचं (दुसऱ्या पत्त्यावरची फाइल वापरायची परवानगी देणारं) हेडर विसरू नका, नाहीतर ब्राउझर फॉन्ट उतरवतो आणि वापरत मात्र नाही.

छोट्या मुदतीचा परिणाम मतमोजणीच्या दिवशी बघावा. महाराष्ट्र विधानसभेची मतमोजणी २३ नोव्हेंबर २०२४ ला झाली, तसा दिवस डोळ्यांसमोर आणा. तासन्‌तास सगळे एकच पान ताजं करत असतात. समजा सेकंदाला ५०० विनंत्या येताहेत आणि पान फक्त १५ सेकंद साठवलंय. त्या १५ सेकंदांत ७,५०० जणांना साठवलेली प्रत मिळते, तुमच्या सर्व्हरला एका एज ठिकाणाहून एकदाच विचारणा होते. आकडे १५ सेकंद शिळे असल्याने कोणाचं काही बिघडत नाही. पण यासाठी एकाच वेळी आलेल्या विनंत्या एकत्र करून मागे एकच पाठवण्याची सोय तुमच्या सीडीएनमध्ये हवी. ती नसेल तर मुदत संपण्याच्या त्या एका क्षणी शेकडो विनंत्या एकदम सर्व्हरवर आदळतात. एज आणि तुमचा सर्व्हर यांच्यामध्ये आणखी एक सामाईक साठा ठेवता येतो. त्याला कोणी ओरिजिन शील्ड म्हणतं, कोणी टायर्ड कॅशे. तो मुंबईतच ठेवा.

मात्र दहावी-बारावीच्या निकालासारखं पान, जिथे प्रत्येकजण आपला आसनक्रमांक टाकतो, ते अशा रीतीने साठवता येत नाही. तिथे क्षमता सर्व्हरचीच लागते.

इथून पुढचं सावकाश वाचा, कारण एचटीएमएल साठवू लागलात की चूक महागात पडते. २५ डिसेंबर २०१५ ला स्टीम या गेमविक्रीच्या साइटवर हल्ला चालू असताना कॅशेचे नवे नियम घाईने लागू झाले, आणि लॉगिन केलेल्या लोकांची पानं साठवली जाऊन दुसऱ्यांना दिसू लागली. सुमारे ३४ हजार लोकांची खाजगी माहिती असलेली पानं अशी इतरांना दिसली असू शकतात, असं वाल्व्ह कंपनीने नंतर सांगितलं. तुमच्याकडे वर्गणीदारांचे पत्ते असतील, तर हाच धोका तुमच्या दारातही आहे. म्हणून पहिला नियम: विनंतीत वर्डप्रेसच्या लॉगिनची कुकी, पासवर्ड घातलेल्या लेखाची कुकी किंवा वूकॉमर्सच्या कार्टची कुकी असेल, तर कॅशे बाजूला. दुसरा: ॲडमिन, लॉगिन, कार्ट, चेकआउट, खातं हे पत्ते कधीच साठवायचे नाहीत. तिसरा: ज्या उत्तरात सर्व्हर कुकी बसवतोय ते उत्तर साठवायचं नाही. नियम लिहून झाले की दोन वेगवेगळ्या खात्यांनी, दोन वेगळ्या ब्राउझरमधून, आलटूनपालटून पानं उघडून बघा. ही चाचणी झाल्याशिवाय नियम लाइव्ह करू नका, कितीही घाई असो.

हिटचं प्रमाण कमी राहण्यामागे मराठी साइटवर मला सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं कारण म्हणजे शेअर केलेल्या लिंकची शेपटी. फेसबुक प्रत्येक क्लिकला एफबीक्लिड नावाचा वेगळा आकडा जोडतं. सीडीएनच्या लेखी शेपटी बदलली की पान वेगळं, मग शंभर जणांना शंभर मिस (साठवलेली प्रत न सापडणं). हे पॅरामीटर आणि यूटीएमचे (वाचक कुठून आला ते मोजणारे) सगळे कॅशे-कीमधून, म्हणजे प्रत ज्या नावाने ओळखली जाते त्यातून, वगळा. क्लाउडफ्रंटच्या कॅशे पॉलिसीत ते सरळ लिहिता येतं. इतर ठिकाणी प्लॅनवर अवलंबून असतं, घेण्याआधी विचारा. वगळताना शोधाचा आणि पान क्रमांकाचा पॅरामीटर मात्र राहू द्या, नाहीतर सगळ्या शोधांना एकच उत्तर मिळेल.

दुसरं कारण देवनागरी पत्त्यांचं. लेखाचा पत्ता मराठीत ठेवला की यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक अक्षरचिन्हाचे तीन बाइट होतात आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन अक्षरं घेतो. ‘पाऊस’ या शब्दात प, काना, ऊ आणि स अशी चार चिन्हं, म्हणजे ३६ अक्षरांचा पत्ता. वर्डप्रेस पत्त्याचा हा भाग २०० वर कापतं, म्हणून बाविसाव्या चिन्हाच्या पुढचा मथळा गायब होतो. कॅशेला त्याहून जास्त त्रास देणारी गोष्ट अशी की वर्डप्रेस हे टक्केवाले संकेत लहान रोमन लिपीत लिहितं आणि पत्ता देवनागरीत लिहून आला तर ब्राउझर तेच मोठ्या लिपीत पाठवतो. मानकानुसार दोन्ही पत्ते एकच, पण अक्षरशः तुलना करणाऱ्या कॅशेला ते दोन वाटतात. मग होतं असं: वाचकाची प्रत मोठ्या लिपीतल्या नावाखाली साठलेली, प्लगइन पर्ज पाठवतं लहान लिपीतल्या नावाला, पर्ज यशस्वी झाल्याचा निरोप येतो आणि जुना मथळा तिथेच. तुम्ही एचटीएमएल साठवू लागलात की ही अडचण येऊ शकते. एक मराठी पत्त्याचा आणि एक रोमन पत्त्याचा लेख घ्या, दोन्ही दुरुस्त करा आणि खाजगी विंडोत उघडून बघा. मराठीवाला जुना राहिला तर कारण बहुधा हेच. उपाय दोन: नव्या लेखांचे पत्ते छोटे आणि रोमन ठेवा, किंवा पर्ज पाठवताना दोन्ही रूपं पाठवा. जुने पत्ते मात्र बदलू नका, लोकांनी ते साठवून ठेवलेले असतात.

पर्ज करताना ‘सगळं पुसा’ हे बटण संपादकांच्या हाती देऊ नका. गर्दीच्या वेळी ते दाबलं की सगळ्या शहरांतला साठा एकदम रिकामा होतो आणि ज्या गर्दीसाठी सीडीएन लावलं ती थेट सर्व्हरवर येते. लेख बदलला की तो लेख, त्याचा विभाग, मुखपृष्ठ आणि फीड एवढंच पुसलं जावं. कॅशे टॅगची सोय असेल तर लेखाच्या क्रमांकाचा टॅग लावा, मग तो लेख जिथे जिथे दिसतो ती सगळी पानं एका आदेशात जातात.

मूळ सर्व्हरकडे दुर्लक्ष नको. साप्ताहिकाचा खजिना जुन्या अंकांत असतो, आणि ते लेख दिवसातून दोन-चारदा वाचले जातात. दर शहराचा साठा वेगळा, न वाचलेलं तिथून हाकललं जातं, म्हणून जुन्या लेखाला बहुधा मिसच लागणार. तिथे दोन सेकंद लागले तर शोधातून आलेला वाचक परत जातो. सर्व्हरवर एनजिनेक्सचा किंवा प्लगइनचा पेज कॅशे आणि रेडिसचा ऑब्जेक्ट कॅशे (डेटाबेसची उत्तरं साठवणारा) लावा. एकूण हिटच्या आकड्यावर खूश होऊ नका, तो चित्रांमुळे फुगतो. एचटीएमएलचा वेगळा काढा.

सुरक्षेचं थोडक्यात. टीएलएसचा मोड ‘फुल स्ट्रिक्ट’ ठेवा. ‘फ्लेक्सिबल’मध्ये सीडीएन ते सर्व्हर हा रस्ता उघडा राहतो आणि सर्व्हर एचटीटीपीएसकडे वळवत असेल तर पान गोल गोल फिरत बसतं. फायरवॉलमध्ये फक्त सीडीएनचे जाहीर केलेले आयपी पत्ते येऊ द्या. सर्व्हरचा आयपी पूर्वी उघड होता, त्यामुळे तो बदला, आणि मेल त्याच सर्व्हरवर असेल तर हलवा, कारण एमएक्स रेकॉर्ड (मेल कुठे पोचवायचा ते सांगणारी नोंद) तोच पत्ता जगाला सांगत राहतो. वाचकाचा खरा आयपी सीडीएनच्या हेडरमधून घ्यायला सर्व्हरला शिकवा. हे राहून गेलं तर फेल-टू-बॅन (त्रास देणारे आयपी आपोआप बंद करणारा प्रोग्राम) एखाद्या उपद्रवी माणसाऐवजी सीडीएनचाच आयपी बंद करतं, आणि त्या शहरातले सगळे वाचक एकदम बाहेर पडतात. बाहेरून हे साइट अर्धवट पडल्यासारखं दिसतं आणि शोधायला फार त्रास होतो.

बिलाचा अंदाज: २ मेगाबाइटचं पान, महिन्याला ५ लाख वेळा उघडलं, तर १ टेराबाइट. कोणी त्याच पानावर ३०० किलोबाइटचा बॅनर वाढवला की १५० गिगाबाइट जास्त. दिवाळी अंकाच्या पीडीएफ याच हिशेबात धरा. गिगाबाइटवर बिल लागत असेल तर खर्चाची सूचना पहिल्याच दिवशी लावून ठेवा.

शेवटी, सीडीएनही पडतं. ८ जून २०२१ ला फास्टली या सीडीएन कंपनीच्या एका ग्राहकाने केलेल्या साध्या, वैध बदलाने एक दडलेला दोष जागा झाला आणि त्यांच्या ८५ टक्के नेटवर्ककडून पानांऐवजी एरर येऊ लागले. ४९ मिनिटांत ९५ टक्के नेटवर्क पूर्ववत झालं. १८ नोव्हेंबर २०२५ ला क्लाउडफ्लेअर अडखळलं तेव्हा साइट्सबरोबर डॅशबोर्डमध्ये शिरणंही अनेकांना जमेना, म्हणजे सीडीएन बंद करून थेट सर्व्हरवर यायचा रस्ताच अडला. म्हणून डोमेनची नोंदणी वेगळ्या कंपनीकडे ठेवा, सगळ्या डीएनएस रेकॉर्डची प्रत सीडीएनबाहेर ठेवा, एपीआयची (डॅशबोर्डशिवाय आदेश पाठवण्याची) चावी आधीच काढून ठेवा. नेमसर्व्हर बदलायला लागणारे तास लक्षात घेता अर्ध्या-पाऊण तासाच्या बिघाडात हलू नका. आणि हललात तर गर्दी उघड्या सर्व्हरवर येणार, फायरवॉलही उघडावी लागणार, हे धरून चाला. कोणी, कुठल्या खात्यातून, कुठल्या क्रमाने हे करायचं ते एका कागदावर लिहून दोघांकडे द्या, आणि गर्दी नसलेल्या एखाद्या रविवारी पहाटे एकदा प्रत्यक्ष करून बघा.